विद्यार्थ्यांचे गाव की गिऱ्हाइकांचे?

हल्ली कोणत्याही गावाची ओळख करून द्यावयाची म्हणजे वाचकांपुढे दोन याद्या ठेवाव्यात, असा प्रघात पडला आहे. पहिली यादी 'काय पाहावे' ह्याची व दुसरी 'कोठे खावे' ह्याची. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, प्रवाशांसाठी काढलेल्या पुस्तिका, फार काय, महाविद्यालयांची माहितीपत्रकेसुद्धा गावाला ह्याच चौकटीत बसवू लागली आहेत. ज्या शहरी विद्यार्थी अधिक, त्या शहराची यादी अधिक लांब. पुण्याची यादी संपता संपत नाही. नाशिकची मिसळीपासून सुरू होते आणि मिसळीपाशीच येऊन थांबते. सिन्नरची यादी मात्र करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. "सिन्नरात आहे काय?" हा प्रश्न परक्यांच्या तोंडी आला असता तर आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु तो सिन्नरला रोज शिकावयास येणाऱ्या तरुणांच्या तोंडी आहे, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही तो निमूटपणे मान्य केला आहे. ह्या प्रश्नाला उत्तर देणे अगदी सोपे आहे, व ते आम्ही पुढे देणारच आहोत. तथापि त्याच्या पाठीमागे जो दुसरा प्रश्न दडून बसला आहे, म्हणजे विद्यार्थ्याला गाव काय देऊ लागते हा, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे हा आमचा मुख्य हेतू आहे.

प्रथम सोपे उत्तर. सिन्नर हे आडगाव नव्हे. सेउणदेशाच्या यादवांनी देवगिरीस राजधानी नेण्यापूर्वी त्यांचे राज्य ह्या भूमीत मूळ धरीत होते, व सेउणचंद्राने वसविलेले सेउणपुर ते हेच, असे इतिहासकार मानतात. त्या वैभवाची साक्ष देणारे गोंदेश्वराचे देऊळ गावाच्या अंगालाच उभे आहे. एका प्रशस्त जोत्यावर मधोमध शिवाचे मुख्य मंदिर व चार कोपऱ्यांस विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य ह्यांची लहान मंदिरे, असे हे काळ्या पाषाणातील शिवपंचायतन आहे. भूमिज शैलीच्या शिखरांची इतकी सुस्थितीतील पंचायतन मांडणी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटीचे संग्रहालय आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरले, त्या थरांतील पोकळ्यांत कालांतराने स्फटिक घडले, आणि विहिरी खणताना व खाणी फोडताना ते आमच्या हाती लागले. ज्या दगडाला आमचा शेतकरी शिव्या देत बांधावर फेकतो, त्याच्या पोटातील ही रत्ने पाहावयास लांबलांबचे लोक येतात. थोड्या अंतरावर डुबेरे आहे. तेथील बर्व्यांच्या वाड्यात १८ ऑगस्ट १७०० रोजी थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला, असे सांगतात. पश्चिमेस पट्टा किल्ला आहे. जालन्याच्या स्वारीवरून परतताना १६७९ साली शिवाजी महाराज तेथे विसावले, म्हणून त्याला विश्रामगड हे नाव मिळाले. देवनदीवरचे जुने बंधारे व त्यांतून काढलेले पाट आहेत. आणि ज्या धंद्याने ह्या गावाचे नाव पानपट्टीच्या ठेल्याठेल्यावर पोहोचविले, तो विड्यांचा धंदा आहे. म्हणजे पाहण्याजोगे येथे पुष्कळ आहे. यादीच करावयाची तर ती सहज होईल.

परंतु अशी यादी करून हातावेगळी केल्याने विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? यादी ही वाटसरूची भाषा आहे. तो एक दिवस येतो, पाहतो, खातो, जातो. विद्यार्थी तीन वर्षे, चार वर्षे, प्रसंगी सात वर्षे रोज येतो. वाटसरूला जागा दाखविली म्हणजे झाले. विद्यार्थ्याला जागा द्यावी लागते. दाखविणे आणि देणे ह्यांतील अंतर आमच्या गावांना उमगलेले नाही, हाच ह्या लेखातील आमचा आरोप आहे. तो केवळ सिन्नरवर नाही. तालुक्याच्या ज्या ज्या गावी महाविद्यालयाची पाटी लागली आहे, त्या प्रत्येक गावावर आहे. सिन्नरचे नाव आम्ही घेतो ते एवढ्याचसाठी की ह्या गावापाशी देण्यासारखे इतरांहून अधिक आहे.

हा विद्यार्थी कोण, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. 'विद्यार्थी' हा शब्द उच्चारताच आमच्या मध्यमवर्गीय वाचकांच्या डोळ्यांपुढे वसतिगृहात खोली घेऊन राहणारा, घरून महिन्याच्या महिन्याला पैसे येणारा, सायंकाळी मित्रमंडळींसह फेरफटका मारणारा तरुण उभा राहतो. चिंचोळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असे काही असतीलही. परंतु मराठा विद्या प्रसारक समाजाच्या सिन्नर येथील महाविद्यालयासारख्या संस्थांत कला, वाणिज्य व विज्ञान शिकणाऱ्यांपैकी पुष्कळ मुले-मुली रोज सकाळी आपल्या खेड्याहून येतात आणि दुपारी परत जातात. ह्या तालुक्याची पूर्व बाजू पर्जन्यछायेतील, अवर्षणाने गांजलेली; पश्चिम बाजू डोंगराची. पहाटेच्या अंधारात उठून एस. टी. गाठावयाची, सातच्या वा आठच्या तासाला हजर व्हावयाचे, आणि तास संपल्यावर गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहात बसावयाचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. घरून निघतेवेळी चूल पेटलेली असेलच असे नाही. पेटलेली असली तर डबा मिळतो, नसली तर नाही. शासनाने बारावीपर्यंतच्या मुलींना एस. टी.चा प्रवास मोफत केला व इतरांस पासात मोठी सवलत दिली, ही गोष्ट अत्यंत स्तुत्य होय. त्यामुळे मुलगी गावापर्यंत आली. पण गावात उतरल्यानंतर परतीची गाडी येईपर्यंतच्या तासांत तिने कोठे बसावे, काय खावे, ह्याचा विचार कोणी करावयाचा? तो शासनाने करावा, असे म्हणून आम्ही मोकळे होतो.

खानावळी गावात आहेत, नाहीत असे नाही. परंतु खानावळीची रीत महिन्याची आहे. दोन्ही वेळचे जेवण, आगाऊ पैसे, व एका ठिकाणी राहणारे गिऱ्हाईक, ह्या तीन खांबांवर तिचा संसार उभा असतो. रोज येऊन-जाऊन शिकणारा मुलगा तिच्या हिशेबात बसत नाही. राहिली उपाहारगृहे. त्यांतील थाळी ही मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाच्या खिशाकडे पाहून ठरविलेली असते. म्हणून ह्या मुलाला उरतो तो वडापाव, आणि वडापावाच्या जोडीला चहा. वडापावाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. गिरणगावाने व मुंबईच्या आगगाडीच्या स्थानकांनी लक्षावधी कष्टकऱ्यांना त्याच्या आधारावर तगविले आहे. परंतु जे मधल्या वेळचे खाणे, तेच वर्षानुवर्षे दुपारचे जेवण व्हावे, आणि वाढीच्या वयातील मुलांचे व्हावे, हे आम्हांस शोभत नाही. वर्गातील मागच्या बाकावर अकराच्या सुमारास डोळे मिटू लागलेला मुलगा आळशी आहे असे प्राध्यापक समजतात. त्याला आळसाचा नव्हे, उपाशी पोटाचा विकार जडलेला असू शकेल, ही शंका किती जणांस येते?

आता ह्याच गावाच्या रस्त्यांकडे पाहा. मुंबईहून घोटीमार्गे शिर्डीस पायी जाणाऱ्या पालख्या सिन्नरवरून जातात. रामनवमीच्या सुमारास ह्या वाटेवर जो अन्नाचा महापूर लोटतो, तो ज्याने पाहिला त्याला आमच्या समाजाच्या औदार्याविषयी शंका राहू नये. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी ह्याच तालुक्यातून पंढरीकडे जाते. दातलीस तिचे रिंगण होते. आणि वाटेवरच्या गावांतील घराघरांतून वारकऱ्यांसाठी भाकरी थापल्या जातात. ह्या परंपरेविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, व तिच्यातील एक घासही कमी व्हावा अशी आमची इच्छा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जो समाज अनोळखी वाटसरूला, त्याचे नाव-गाव न विचारता, हात धरून पंक्तीस बसवितो, तोच समाज आपल्याच तालुक्यातील शेतकऱ्याच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला दुपारी एक वाजता बसस्थानकावर उपाशी बसलेला पाहून पुढे कसा जातो? देवाकडे जाणारा पाहुणा आणि विद्येकडे जाणारा मात्र गिऱ्हाईक, हा भेद आमच्या कोणत्या धर्मग्रंथात सांगितला आहे?

ह्यावर कोणी म्हणतील की विद्यार्थ्यास जेवू घालण्याची चाल आमच्याकडे जुनीच आहे. वार लावून जेवणाऱ्या व माधुकरी मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीच पुण्याची विद्या वाढविली. ही गोष्ट खरी आहे. आठवड्याचे सात वार सात घरी जेवावयाचे, ह्या व्यवस्थेत गरीब मुलगा शिकला आणि यजमानाला फारसा भार पडला नाही. परंतु ह्या चालीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. ती पंक्ती जातीची होती. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याला वारही नव्हता आणि माधुकरीही नव्हती. आणि पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी खेड्यातील कुणब्याच्या मुलाला राहण्या-जेवण्याची सोय नाही, म्हणून तो शिकू शकत नाही, असा उघड अन्याय कित्येक पिढ्या चालला होता. ज्यांनी हा अन्याय ओळखला त्यांनी शाळांच्या आधी स्वयंपाकघरांकडे पाहिले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढविले आणि मग एकामागून एक जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे ह्यांस चहाचे दुकान घालून दिले व स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. 'कोठे खावे' ह्या प्रश्नाला त्या काळी केवढा अर्थ होता, हे त्या एका पेल्यावरून कळते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्याचे शाहूंच्या नावे नामकरण १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. त्या मुलांच्या तोंडी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र विकले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाजाचा जन्म १९१४ सालचा. आणि त्याच्याही आरंभीच्या कार्यात उदाजी मराठा वसतिगृहाचे स्थान मोठे होते. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे ह्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली ती खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या निवासाची व भोजनाची अडचण पाहूनच. ह्या सर्व थोर माणसांस एक साधी गोष्ट कळली होती. शाळेचे दार उघडल्याने शिक्षण सुरू होत नाही. ताट वाढल्यावर सुरू होते.

त्यांच्यानंतर आम्ही काय केले? महाविद्यालये गावोगावी नेली, म्हणून वसतिगृहाची गरज उरली नाही असे मानले. मुलगा घरी राहून शिकतो, म्हणजे घरी जेवतोच, हा आमचा तर्क. अंतर आणि वेळ ह्या दोन गोष्टी आम्ही त्या तर्कातून गाळल्या. विद्यार्थी बाहेरगावी राहात होता तेव्हा त्याची भूक सर्वांस दिसत होती. तो रोज येऊन-जाऊन शिकू लागला तेव्हा त्याची भूक रस्त्यात हरवली.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहोत. पहिला आक्षेप असा की, हल्लीच्या मुलांच्या हाती महागडे मोबाईल असतात, त्यांना जेवणाला पैसे नाहीत हे कोणी मानावे? ह्या आक्षेपात निरीक्षण आहे, पण विचार नाही. मोबाईल आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक व निकाल ह्या सर्वांची वाट त्याच्यातूनच जाते. बापाने कर्ज काढून एकदाच घेतलेली वस्तू आणि रोज लागणारी थाळी ह्यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, फुकटची सवय लागल्याने मुले परावलंबी होतील. आम्ही फुकट द्यावे असे म्हणतच नाही. विद्यार्थ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे दाम द्यावे, ज्याच्याजवळ दाम नाही त्याने वाढपाचे, हिशेबाचे, भाजी निवडण्याचे काम करावे. 'कमवा व शिका' हे भाऊरावांचेच सूत्र आहे. विद्यापीठाच्या योजनेतही ते आहे. तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. ते म्हणतात की, जेथे मागणी आहे तेथे पुरवठा आपोआप होतो. कोणी ना कोणी स्वस्त थाळी काढीलच. आपोआप झाले असते तर इतक्या वर्षांत झाले नसते काय? ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत त्याची भूक बाजाराला मागणी म्हणून ऐकू येत नाही. ती ऐकावयास शेजारी लागतो. चौथा आक्षेप सर्वांत जुना आहे: "आम्हीही असेच शिकलो." असे म्हणणारा मनुष्य बहुधा यशस्वी झालेला असतो. जे तसे शिकू शकले नाहीत, अर्ध्यावर गाव सोडून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले, ते ही फुशारकी मारावयास आपल्या ओसरीवर येत नाहीत. हयात असलेल्यांच्या साक्षीवरून साथीच्या रोगाचा निकाल लावण्यासारखेच हे आहे.

भोजनाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट बैठकीची आहे. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आवडत्या उपाहारगृहांची वर्णने आमच्या साहित्यात विपुल आहेत. १९३५ साली निघालेले 'गुडलक' घ्या, वा फर्गसन रस्त्यावरील 'वैशाली' घ्या. तेथील पदार्थांहून तेथील बसणे पिढ्यान् पिढ्यांना अधिक आठवते. एका पेल्यावर तास काढावा, वाद घालावा, परीक्षेचे टिपण उतरून घ्यावे, ही मोकळीक म्हणजेच विद्यार्थी-शहराचे खरे वैभव होय. सिन्नरच्या मुलग्यांना निदान चहाच्या टपरीचा बाक आहे. मुलींना तोही नाही. टपरीवर मुलगी पंधरा मिनिटे बसली तर सोळाव्या मिनिटाला तिच्या गावी बातमी पोहोचते, आणि पुढच्या वर्षी तिचे महाविद्यालय बंद होऊन तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर वाचकांनी आपल्या ओळखीच्या खेड्यातील चार मातांना विचारून पाहावे. म्हणून ती बसस्थानकाच्या एका कोपऱ्यात, पिशवी मांडीवर घेऊन, पाणी पिण्याचेसुद्धा टाळून उभी राहते. कारण पाणी प्याले तर स्वच्छ शौचकूप कोठे शोधावयाचे हा प्रश्न येतो. ज्या गावात मुलीला दोन तास सन्मानाने बसता येत नाही, त्या गावाने मुलींच्या शिक्षणाच्या मिरवणुका काढू नयेत.

ही जागा कोठून आणावयाची? नवी इमारत नको. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, देवळांचे सभामंडप आहेत, समाजांची मंगल कार्यालये आहेत. लग्नसराईचे दिवस सोडले तर ही कार्यालये रिकामी असतात. दुपारी बारापासून पाचपर्यंत एक दालन विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे. वर्गणीची अट नसावी, पाणी व शौचकूप असावे, देखरेखीस एखादी प्रौढ बाई वा निवृत्त शिक्षक असावा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. ज्या जिल्ह्यात ग्रंथप्रेमाची परंपरा इतकी जुनी, तेथे पाच तासांसाठी एक दालन उघडणे अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणि मग 'काय पाहावे' हा प्रश्न. पोट भरलेले व बूड टेकलेले असल्यावर तो विचारण्यात गोडी आहे. आमच्या तरुणांना रिकामा दिवस मिळाला की ते सुमारे तीस किलोमीटरवरील नाशिक गाठतात, तेथील कॉलेज रस्त्यावर हिंडतात आणि मोठ्या दुकानांच्या काचांत आपली प्रतिबिंबे पाहून परत येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गोंदेश्वर हे छायाचित्र काढण्याचे ठिकाण आहे, ह्यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलेलेच नाही. गणिताच्या विद्यार्थ्याने त्या जोत्याची व शिखराची मापे घेऊन देवळाचा तलविन्यास कागदावर काढून पाहावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यादवांची राजधानी येथून का गेली हे शोधावे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने गारगोटीचे संग्रहालय पाहून आपल्याच विहिरीच्या मातीतला स्फटिक ओळखावा. आणि संग्रहालयानेही तालुक्यातील मुलांसाठी महिन्यातून एक दिवस नाममात्र दरात दार उघडावे, अशी आमची नम्र सूचना आहे. शेतकऱ्याच्या मुलाने देवनदीचे पाट चालत पाहावे. इंजिनाशिवाय, केवळ उताराच्या हिशेबाने रानात पाणी नेणाऱ्या पूर्वजांचे गणित त्याच्या पाठ्यपुस्तकात नाही. आणि सर्वांनी, विशेषतः सुखवस्तू घरच्यांनी, विडीकामगार बायकांची कहाणी त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवावी. मांडीवर सूप घेऊन तेंदूचे पान कातरावे, त्यात जर्दा भरावा, दोरा बांधावा, आणि हजारांच्या हिशेबाने मजुरी घ्यावी. ह्या गावाच्या कित्येक पदव्या त्या सुपात वळल्या गेल्या आहेत. ज्या धंद्याने फुप्फुसे जाळली त्यानेच मुले शिकविली, हा विरोध समजून घेणे म्हणजे समाजशास्त्राची अर्धी पदवी मिळविणे होय. अशा रीतीने पाहिले तर सिन्नरात चार वर्षे पुरून उरेल इतके पाहण्याजोगे आहे.

आता खर्चाचे पाहू. कारण आमच्या लोकांचा उत्साह हिशेबाच्या पहिल्या ओळीवरच गळून पडतो. २६ जानेवारी २०२० रोजी शासनाने शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा दोन पोळ्या, एक भाजी, वरण व भात असे ताट दहा रुपयांत दिले. त्या वेळी ग्रामीण भागात एका ताटाचा एकंदर हिशेब पस्तीस रुपये धरला होता व बाकीची रक्कम शासन भरीत असे. आज महागाई वाढली आहे, हे धरून चालू. समजा, विद्यार्थ्याने आपले दाम दिल्यावर प्रत्येक ताटामागे वीस रुपयांची तूट राहते. दोनशे विद्यार्थी रोज जेवले व महिन्यात बावीस दिवस महाविद्यालय भरले, तर महिन्याची तूट अठ्ठ्याऐंशी हजार रुपये. शंभर घरे, दुकाने वा कारखाने ह्यांनी ती वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्यास महिना आठशे ऐंशी रुपये येतात. मुसळगाव व माळेगाव येथे औद्योगिक वसाहती असलेल्या, मोठी बाजारपेठ असलेल्या ह्या गावात अशी शंभर नावे निघू नयेत काय? स्वयंपाक बचत गटातील बायकांनी करावा, म्हणजे त्यांच्या हाताला काम मिळेल. शेतकऱ्यांनी हंगामात कांदा, बाजरी, भाजी द्यावी. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, एखादी पालेभाजी, वाटीभर वरण व भात, एवढे पुरे आहे. पंचपक्वान्नांची अपेक्षा कोणीच करीत नाही. पंक्तीस कोणाचीही जात विचारली जाऊ नये आणि कोणाचे दारिद्र्य उघडे पडू नये. म्हणून पूर्ण दाम देणाऱ्याचे आणि काम करून जेवणाऱ्याचे कूपन एकाच रंगाचे असावे. देणगीदारांच्या नावांचा फलक मात्र लावू नये. पंख्यावरही दात्याचे नाव वाचण्याची सवय जडलेल्या आमच्या समाजाला हे पथ्य जड जाईल. पण लाजेने खाली मान घालून खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

गावाच्या स्वार्थाच्या दृष्टीनेही ह्याचा विचार व्हावा. आजवर सिन्नर रस्त्यांवर जगले. नाशिक-पुणे व घोटी-शिर्डी ह्या वाटा येथे मिळतात, म्हणून येथे ढाबे चालले, चहा विकला गेला. आता समृद्धी महामार्ग ह्याच तालुक्यातून गेला आहे, आणि २०२५ साली तो मुंबईपर्यंत पूर्ण झाल्यावर मुंबईच्या प्रवाशाला गावात शिरण्याचे कारणच उरलेले नाही. रस्त्याने दिलेले गिऱ्हाईक रस्ताच घेऊन जातो, हा व्यापाराचा जुना नियम आहे. विद्यार्थी मात्र येत राहील. तो पुढे शिक्षक होईल, कारखान्यात अधिकारी होईल, पंचायत समितीवर निवडून येईल. आणि त्या वेळी ह्या गावाविषयी त्याच्या मनात काय असेल ते आज ठरत आहे. ज्याला गावाने चार वर्षे केवळ सुटे पैसे मागितले, तो गावाला काही देऊ लागत नाही.

जून महिन्यात महाविद्यालये उघडतात, आणि त्याच सुमारास निवृत्तिनाथांची पालखी तालुक्यातून जाते. ज्या घरांत त्या दिवशी पन्नास भाकरी अधिक थापल्या जातात, त्या घरांतील गृहिणींना व गृहस्थांना आमची एवढीच विनंती आहे की, पालखी पुढे गेल्यावर परात लगेच घासून ठेवू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बसस्थानकावर जाऊन, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीला, "बाई, जेवलीस का?" एवढे विचारून यावे. ती "हो" म्हणेल. तिच्या त्या उत्तरावर विश्वास न ठेवण्यापासून ह्या कामाचा आरंभ करावयाचा आहे.